जुनं इंजिन उघडताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत अन् मेसेजमध्ये जवळपास सगळेच प्रश्न जुन्या इंजिनांचे आहेत. पाऊस थांबला की आपल्याकडं असं होतंच, गोठ्यातनं, पडवीतनं, जिन्याखालनं बुलेट, येझदी, आरएक्स बाहेर निघतात आणि दिवाळीच्या आत चालू झालीच पाहिजे म्हणून घाई सुरू होते. त्या घाईतच जुनी इंजिनं मरतात. म्हणून या अंकात थोडेच प्रश्न घेतलेत, पण नीट घेतलेत.

प्रश्न: आजोबांची १९७६ ची बुलेट ३५० आहे. २०१९ च्या महापुरात चार दिवस पाण्यात होती. पाणी उतरल्यावर वरनं धुऊन पुसून शेडमध्ये लावली ती आजपर्यंत तशीच. आता किक जाम आहे, तसूभर हलत नाही. वडील म्हणतात भंगारात घाला. एक मिस्त्री म्हणतोय टॉपमध्ये टाकून ट्रॅक्टरनं ओढू, आपोआप सुटेल. काय करू?
(वाचक, प्रयाग चिखली)

पहिलं म्हणजे ट्रॅक्टर लांब ठेवा. आणि भंगारवाल्याला पण थांबवा. २०१९ ला पंचगंगेनं कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली होती, तुमच्या चिखली-आंबेवाडीत तर किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते तुम्हाला मी सांगायला नको, त्यातल्या बऱ्याच गाड्या पुरानं नाही तर नंतरच्या किकनं गेल्या. इंजिनात गाळ आणि पाणी असताना किक मारली की गाळ बेअरिंगमध्ये दळला जातो.

ट्रॅक्टरनं ओढल्यावर काय होतं ते समजून घ्या. बुलेटचा सिलिंडर बिडाचा, पिस्टन अॅल्युमिनियमचा. पाणी आत राहिलं की बिडाला गंज चढतो आणि पिस्टनच्या रिंगा त्या गंजात धरल्या जातात. ओढलं तर एक तर रिंग तुटून सिलिंडरला उभी चर पाडते नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय व्हॉल्व गाइडमध्ये गंजून अडकलेला असला तर पुशरॉड वाकतो ते वेगळंच. म्हणजे जे सुटलं असतं ते तोडून मोकळं करायचं, असा तो प्रकार आहे.

आता काय करायचं ते सांगतो. प्लग काढा, उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर काढा, रॉकर कव्हरं काढा. खालचे ड्रेन उघडून तेल एका पसरट भांड्यात घ्या आणि बघा काय येतंय. आधी पाणी येईल, मग कटिंग चहासारखं दुधाळ तेल, मग तळाला राखाडी गाळ. तो गाळ बोटावर घेऊन चोळून बघा, कचकच लागली तर समजायचं की ही कचकच तेलाच्या वाटेतपण आहे. हे तपासलं की इंजिन खोलायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही, खोलायचंच.

पण खोलायच्या आधी पिस्टन सुटला तर सगळं सोपं जातं. डिझेल आणि एटीएफ, म्हणजे पॉवर स्टीअरिंगला घालतात ते लाल तेल, निम्मं निम्मं मिसळून प्लगच्या भोकातनं ओता. आठ-दहा दिवस राहू द्या, मधून मधून भर घाला. थोडं थोडं कमी होत गेलं तर चांगलं लक्षण, म्हणजे रिंगांच्या कडेनं खाली झिरपतंय. मग मेन स्टँडवर, टॉप गिअर टाकून, मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवा. हातानं, बरं का, पायानं नाही. अर्धा सेंटीमीटर हललं तरी जिंकलात, तिथनं रोज थोडं थोडं करत जायचं.

नाहीच सुटलं तर हेड काढा आणि वरनं पिस्टनवर जाड लाकडी ठोकळा ठेवून रबरी हातोडीनं टकटक करा. सिलिंडर गरम केला तर लवकर सुटतो पण मगाशी ओतलेलं डिझेल आत असताना तिथं गॅसची ज्योत न्यायची नाही, सगळं पुसून, हॉट एअर गननं शेक द्यायचा. अगदीच हट्टाला पेटला तर पिस्टन बळी द्या. पिस्टन बाजारात मिळतो, आजोबांच्या गाडीचा मूळ सिलिंडर मिळत नाही.

सुटल्यावर बऱ्याच जणांचा मोह होतो की तेल भरून एकदा चालू करून तर बघू. नका करू. बुलेटचं तेल केसमधल्या टाकीतनं पंपानं क्रँककडं जातं, फिल्टरचं खोकं, पंप, क्रँकमधली बारीक वाट, सगळीकडं पुराचा गाळ बसलेला असतो. तो सगळा काढल्याशिवाय पहिल्याच मिनिटात बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगला, तेल मिळणार नाही. मेन बेअरिंग हातात धरून फिरवून बघा, कर्रकर्र वाजलं की बदला, धुऊन वापरायचा विचार नको, कारण गंजाचा खड्डा धुतल्यानं भरत नाही.

मग बोअरिंग. इथं माझं एकच मागणं आहे, आधी मापं मग काम. बोअर गेजनं वर, मध्ये, खाली आणि दोन्ही आडव्या दिशांनी माप घ्यायला सांगा आणि तो कागद स्वतःकडं ठेवा. बुलेटचा मूळ बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. पिस्टन २० थाऊ, ४० थाऊ ओव्हरसाइज असे मिळतात, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. गंजाचे डाग २० मध्ये निघत असतील तर ४० कशाला घालवायचं? एकदा काढलेलं बीड परत येत नाही. आणि आधी पिस्टन विकत घ्या, तो हातात घेऊन बोअरिंगवाल्याकडं जा, कारण पिस्टनला मोजून बोअर मारायचा असतो. उलटं केलं की पिस्टन एका मापाचा अन् बोअर दुसऱ्या मापाचा होतो, आणि मग वर्षभर सगळे म्हणत राहतात बुलेट आहे, आवाज करणारच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग, क्रँक प्रेस आणि लायनर सगळं एका फेरीत होतं, आपल्या गावाचं हे भाग्य आहे. ज्या गावानं शेतीच्या पंपांची ऑइल इंजिनं ओतली आणि घडवली त्या गावात सिलिंडर भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. क्रँक प्रेस केल्यावर दोन सेंटरमध्ये धरून डायल लावून दाखवा म्हणायचं, चांगला कारागीर असेल तर त्याला त्याचा राग येत नाही, उलट खुश होतो.

जोडल्यावर टॅपेट थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना, लावायचे. पुशरॉड दोन बोटांत धरून सहज फिरला पाहिजे पण वर-खाली अजिबात खेळ नको. चालू केल्यावर लगेच रॉकरला जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट जरा ढिला करा, तिथं तेल पाझरलं तर पंप ओढतोय, नाही पाझरलं तर तिथंच बंद करा.

वडिलांना सांगा खर्च आहे, खोटं बोलू नका. पण सगळं एकदम करायची गरज नाही. या वर्षी इंजिन, पुढच्या वर्षी रंग-क्रोम. लोक नेमकं उलटं करतात, टाकी चकाचक अन् आत गाळ.

प्रश्न: येझदी रोडकिंगचं इंजिन पूर्ण उघडलंय. केस काळ्या पडल्यात, वर तेल-मातीचा थर आहे. एक जण म्हणतो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून काढा, आरशासारख्या होतील. दुसरा म्हणतो सँडब्लास्टिंग करा. कुठलं चांगलं?
(वाचक, इचलकरंजी)

दोन्ही नको.

कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला खातो. फेस येतो, लोकांना वाटतं मळ निघतोय, पण तो हायड्रोजन वायू असतो आणि निघतो तो मळ नाही, धातू असतो. केस काळी-राखाडी होऊन बाहेर येते आणि बेअरिंगचं घर ढिलं पडतं. घर ढिलं झालं की नवीन बेअरिंगपण केसमध्ये फिरायला लागतं, त्यावर पंच मारून घट्ट करणं हा इलाज नव्हे. धुण्याचा सोडापण अॅल्युमिनियमला काळं करतो. हां, कॉस्टिक लोखंडाला चालतं. तुमच्या येझदीच्या दोन्ही सायलेन्सरचे आतले बॅफल काजळीनं बुजले असतील तर ते लोखंडी असल्यानं कॉस्टिकच्या पाण्यात रात्रभर ठेवून मस्त निघतात. प्लास्टिकची बादली घ्या, हातमोजे, चष्मा, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, उसळतं.

सँडब्लास्टिंगचं दुखणं वेगळं. वाळूचा कण मऊ अॅल्युमिनियममध्ये रुतून बसतो, आट्यांच्या आंधळ्या, म्हणजे तळ बंद असलेल्या, भोकात जाऊन बसतो आणि इंजिन गरम झालं की सुटून बाहेर येतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमधनंच चार्ज, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण, जातो, म्हणजे तो कण सरळ बिग एंडला आणि सिलिंडरला. ब्लास्टिंग करायचंच असेल तर पाण्यासकटचं व्हेपर ब्लास्टिंग नाहीतर काचेच्या मण्यांचं, फक्त बाहेरनं, आणि सगळी तोंडं प्लायच्या तुकड्यांनी बंद करून.

माझ्या मते रोडकिंगला एवढं लागतच नाही. केस रॉकेलमध्ये रात्रभर भिजवा, जुना टूथब्रश, रंगाचा ब्रश, पितळी तारेचा ब्रश फक्त बाहेरनं. पॅकिंग चिकटलेलं असेल तर ब्लेडनं खरवडू नका, जोडाच्या तोंडावर एक ओरखडा पडला की तिथनं हवा खेचते आणि टू-स्ट्रोकमध्ये हवा खेचली की मिक्स्चर पातळ होऊन पिस्टन चिकटतो. पॅकिंग थिनरनं भिजवून लाकडी पट्टीनं काढा. शेवटी गरम पाणी अन् साबण, कॉम्प्रेसरनं एकेक भोक फुंकून, उन्हात. उन्हात वाळवलेल्या जुन्या केसचा तो मंद राखाडी रंग फॅक्टरीतनं आलेल्या रंगाच्या जवळ जातो. आरसा या गाडीत कव्हरवर असतो, केसवर नाही.

अजून दोन गोष्टी. बेअरिंग ठोकून काढू नका. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून केस गरम करायची, पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र करून उडाला की केस उलटी करून लाकडावर आपटा, बेअरिंग आपोआप पडतं. नवीन बेअरिंग तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, तेही तसंच आत जाऊन बसेल. आणि केसचे दोन्ही भाग एका जोडीतलेच ठेवा, जोडी एकत्र मशीन केलेली असते, डावी एका गाडीची अन् उजवी दुसऱ्या गाडीची जोडली तर क्रँक कधीच मोकळा फिरणार नाही. येझदीची म्हैसूरची फॅक्टरी १९९६ लाच बंद झाली, तेव्हा आहे ती जोडी जपा.

प्रश्न: काका, माझी आरएक्स १०० आहे, १९९४ ची. नवीन बोअर-पिस्टन केला तरी पांढरा धूर जात नाही. कॉलेजला गेलो की पार्किंगवाले ओरडतात. मिस्त्री म्हणतोय परत बोअर मारू. मारू का?
(वाचक, गडहिंग्लज)

नको रे बाळा, थांब जरा. बोअर आत्ताच मारलाय, पुन्हा मारून पैसे आणि बीड दोन्ही जाईल. बोअर करून धूर गेला नाही याचा अर्थ धूर बोअरचा नव्हताच.

स्वस्तातलं आधी बघ. सायलेन्सरमध्ये जुनं तेल मुरलेलं असतं, ते नव्या इंजिनावरपण बरेच दिवस धूर काढतं, तेव्हा बॅफल काढून साफ कर. मग टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकच्या तेलाच्या, पंपाची केबल बघ, कुणीतरी जास्त ओढून ठेवली असेल तर तेल जास्त जाणारच, पंपावरच्या खुणेला जुळवून घे. पंप बंद करून टाकीतच तेल मिसळ असा सल्ला देणारे भेटतील, चालू पंप बंद करायचं काही कारण नाही.

हे दोन्ही ठीक असेल तर गिअर ऑइल बघ. आता भरताना मोजून भर, काही दिवसांनी काढून परत मोज. बाहेर कुठं गळत नसताना कमी भरलं तर ते क्लचच्या बाजूच्या क्रँक सीलमधनं आत ओढलं जातंय आणि जळतंय. धुराचा वासपण वेगळा येतो, टू-टीचा नेहमीचा वास नाही, जड, करपलेला. क्रँककेसमध्ये दर फेरीला पोकळी तयार होते, सील कडक झालं की ती पोकळी गिअर ऑइल खेचते, एवढं साधं आहे. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर धूर होत नाही, तिथनं हवा जाते, मग गाडी आयडलला आपोआप भन्नाट पळायला लागते. ते जास्त धोक्याचं, कारण त्यानं पिस्टन जातो.

दोन्ही सील एकदम बदल, इंजिन उघडतोयस तर मेन बेअरिंगपण. आणि केसचे स्क्रू साध्या चौकडी पेचकसानं उघडू नकोस, जपानी स्क्रूची खाच थोडी वेगळी असते, साधा पेचकस घसरून डोकं गोल करतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर घे किंवा ज्याच्याकडं आहे त्याच्याकडंच जा. जोडल्यावर पंपातली हवा काढायला विसरू नका म्हणून मिस्त्रीला सांग, आणि पहिल्या टाकीत खबरदारी म्हणून थोडं टू-टी मिसळ.

प्रश्न: वडिलांची १९६८ ची जावा आहे, त्यांच्या नावावर कागदपत्रं आहेत. इंजिन साफ करून घ्यायचंय. गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते असं ऐकलंय, त्यासाठी इंजिनाचं काही पाळावं लागतं का?
(वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

ताई, हा प्रश्न काम सुरू करायच्या आधी विचारलात हे फार चांगलं केलंत. केंद्राचा नियम जुलै २०२१ चा आहे. ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल तर व्हिंटेज नोंद होते. नव्यानं नोंदणी असेल तर व्हीए मालिकेचा नंबर आणि २०,००० रुपये फी, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ही नोंद १० वर्षांची असते. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, व्हिंटेज नोंद झाली की गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. वडील अजून रोज भाजी आणायला जावावरच जात असतील तर विचार करा.

इंजिनाचं म्हणाल तर केसवरचा इंजिन नंबर. बफिंगवाल्याच्या चाकाखाली तो नंबर पुसट होतो आणि मग आरटीओत समजावून सांगता सांगता नाकी नऊ येतात. काम द्यायच्या आधी नंबरचा जवळनं फोटो काढा, पेन्सिल घासून कागदावर ठसा घ्या आणि त्यावर जाड टेप लावूनच केस हातात द्या. खोदून नंबर पुन्हा उठवून देतो असं कुणी म्हणालं तर तिथनं निघून या, तो गुन्हा आहे.

प्रश्न: दर दोन महिन्यांनी कार्बोरेटर साफ करतोय तरी बुलेट धक्के देते. आत पांढरी पावडर सापडते. हे इथेनॉलमुळं होतं का?
(वाचक, कागल)

बऱ्याच अंशी हो. आपल्याच उसाचं इथेनॉल आहे, शेतकऱ्याच्या दृष्टीनं चांगलंच आहे, पण १९८०-९० च्या गाड्यांचे रबर आणि कार्बोरेटर पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलचा विचार करून केलेले नव्हते. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, ते पाणी कार्बोरेटरच्या वाटीत तळाला बसतं आणि जस्ताच्या मिश्रधातूला खातं, तीच तुमची पांढरी पावडर. आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, नाहीतर वाटीचा स्क्रू काढून रिकामी करा. पेट्रोलची नळी, ओ-रिंग, कॉकचं रबर एकदा नव्या प्रतीचं टाका. आणि जेटमध्ये सुई किंवा स्टीलची तार घालत असाल तर ते आजपासून बंद, पितळेचं भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार. वायरमधला तांब्याचा एक केस पुरतो, नाहीतर हवा.

प्रश्न: बोअर केल्यावर पहिले ५०० किलोमीटर किती स्पीडनं चालवायची?
(वाचक, राधानगरी)

स्पीडपेक्षा लोड बघा. ४० नं चढावर टॉपमध्ये घुसमटत नेणं हे ५० नं सपाटीवर नेण्यापेक्षा वाईट. थ्रॉटल एकाच जागी धरून ठेवू नका, कमी-जास्त करत राहा, दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबून इंजिन गार होऊ द्या. डबलसीट जोतिबाचा डोंगर सध्या नको. टाकीत तेल मिसळायची टू-स्ट्रोक असेल तर उतारावर थ्रॉटल बंद करून इंजिन ब्रेकिंगवर लांबवर उतरू नका, पेट्रोल बंद म्हणजे तेलपण बंद, मधून मधून क्लच दाबून थ्रॉटल द्या. बुलेट असेल तर ५०० ला तेल बदला, आलेल्या तेलात चुंबक फिरवून बघा काय लागतंय, आणि हेडचे नट थंड इंजिनावर टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा, तपासून झाल्यावर टॅपेट परत लावावे लागतील.